स्क्रॅप मंजूर

कामणच्या 'निनाद व्हिसल्स'मध्ये कुकरच्या शिट्ट्या बनत, आणि तिथले कार्मिक अधिकारी जयवंतराव साटम यांना केबिन नव्हती. ऑर्कुटची गोष्ट सांगताना केबिनपासून सुरुवात कशाला, असं कोणी म्हणेल. पण ज्याने उभी नोकरी पाण्याच्या कूलरला खेटून काढली आहे, तो असं म्हणणार नाही. ऑफिस आणि कारखाना यांना जोडणारा एक बोळ होता. बोळात कूलर होता आणि कूलरच्या कुशीत जयवंतरावांचं टेबल. पाणी प्यायला आलेला प्रत्येक जण भरलेला पेला हातात धरून त्या टेबलावर वाकायचा आणि आपलं रडगाणं सांगायचा. सांगता सांगता कोपरावरून पाणी ओघळायचं. निनादच्या मस्टरवर निम्म्या सह्या फुटलेल्या दिसत, त्या यामुळे.

घरी मात्र ही परिस्थिती जरा निराळ्या रीतीने मांडली गेली होती. विनयाताईंनी, म्हणजे जयवंतरावांच्या पत्नीने, आपल्या धाकट्या बहिणीला फोनवर कधीतरी "ह्यांना केबिन मिळाली" असं सांगून टाकलं होतं. बहीण विनिता डोंबिवलीला. तिच्या नवऱ्याला केबिन मिळाली होती, तीही एसी, आणि एका फोनमध्ये तिने हे इतक्या निमित्तांनी सांगितलं की विनयाताईंना राहवलं नाही. विनयाताई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या, पण मागे राहणाऱ्यातल्याही नव्हत्या. आता ती विनिता दसऱ्याला विरारला, साटमांच्या घरी, येणार होती. निनादमध्ये दसऱ्याला यंत्रांची पूजा असे आणि घरच्यांनाही बोलावणं असे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "भावोजींची केबिन बघायचीच आहे एकदा," असं तिने गणपतीच्या आधीच कळवून ठेवलं.

"अहो, काहीतरी करा," विनयाताई म्हणाल्या. जयवंतरावांनी मान हलवली. नोकरीत त्यांनी मुख्यतः तेवढंच केलं होतं.

आणि गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सदानंदशेठनी त्यांना आत बोलावलं.

शेठ तिथल्याच शेतकरी घराण्यातले. वडिलांच्या भातशेतीवर त्यांनी शिट्ट्यांचा कारखाना उभा केला होता. माणूस मनाचा मोकळा, पण तापला की बोळातल्या कूलरचं पाणीही गरम होतं असं लोक म्हणायचे. त्या दिवशी तापलेलेच होते.

"साटम, हे ऑर्कुट काय असतं ओ?"

पितळेला चमक आणायचं काहीतरी रसायन असावं, असं जयवंतरावांना वाटलं. "किती लिटर मागवू?" त्यांनी विचारलं.

शेठनी कपाळाला हात लावला. त्यांचा मुलगा कौस्तुभ पुण्याला इंजिनियरिंगला होता. त्याने फोन करून सांगितलं होतं की निनादच्या ऑफिसातल्या मंडळींनी ऑर्कुट नावाच्या इंटरनेटवरच्या चावडीवर एक मंडळ काढलं आहे. मंडळाचं नाव, 'शेठ तापला, शिट्टी झाली'. वर शेठचा फोटो, कंपनीच्या गणपतीतला, तोंडात अख्खा मोदक.

"नेट बंद करून टाकू या," जयवंतराव म्हणाले.

"आणि ऑर्डरी काय कबुतरं आणणार? त्याच वायरीतून येतात त्या. शिवाय कौस्तुभ म्हणतो, बंद करायचं नाय. मोठ्या कंपन्यांत म्हणे लोकांना मार्गदर्शन करतात, कामावर असताना तिथं काय लिहायचं नि किती लिहायचं ते. तुम्ही करा मार्गदर्शन. लोकांना वळण लावा." शेठ खुर्चीत मागे रेलले. "दसऱ्याच्या आत वळण लागलं तर त्या बोळात पार्टिशन टाकून तुमची केबिन. दार, काच, सगळं. सुतार आपलाच हाय."

जयवंतराव बाहेर आले ते जमिनीपासून जरा वरून चालत आले. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या सुमेधला त्यांनी ते मंडळ दाखवायला सांगितलं. सुमेधने अपराधी चेहऱ्याने दाखवलं. सभासदांमध्ये हिशेबातली क्लारा होती, स्टोअरमधला क्लेमेंट होता, स्वतः सुमेध होता. अख्खं ऑफिस होतं. नव्हते फक्त दोघे. एक शेठ आणि दुसरे जयवंतराव.

"मला का नाही घेतलं?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"सर," सुमेध म्हणाला, "तुम्ही सर आहात ना."

घाव बसायचा तो बसला.

ज्या पाण्यात इतरांना पोहायला शिकवायचं त्यात आधी आपण उतरावं, म्हणून त्या संध्याकाळी त्यांनी मुलीकडून, उन्नतीकडून, स्वतःचं खातं उघडून घेतलं. फोटो पासपोर्ट साइजचा, टाय लावलेला. 'पॅशन्स' या रकान्यात त्यांनी 'निरंक' असं भरलं. "बाबा, तुम्हाला एकच फ्रेंड आहे, मी," उन्नती म्हणाली. दोन दिवसांनी तिनेही त्यांना काढून टाकलं, कारण कॉलेजमधली मुलं हे अंकल कोण म्हणून विचारायला लागली होती.

मग सल्ले सुरू झाले. विरारच्या त्यांच्या इमारतीत सल्ला मागावा लागत नसे. जिन्यात पिशवी खाली ठेवून दम घेतला की मिळायचा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी कॅमेरे बसवायला सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी एक स्तोत्र सुचवलं. पण खरा सल्ला दिला तो तळमजल्यावरच्या श्रीपतरावांनी. श्रीपतराव सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. फाइल हा शब्द ते लोक देवाचं नाव घेतात तसा घेत.

"बंदी घालू नका," श्रीपतराव अडकित्त्यात सुपारी धरून म्हणाले. "बंदी घातली की माणसाला चेव येतो. फॉर्म काढा."

"कसला फॉर्म?"

"कसलाही. आमच्या खात्यात लोक पूर्वी दुपारी पत्ते खेळायचे. साहेबांनी ओरडून पाहिलं, पत्ते जप्त करून पाहिले. शेवटी मी फॉर्म काढला. पत्ते खेळण्याच्या परवानगीचा, तीन प्रतींत, वरिष्ठांच्या शिफारशीसह. महिन्यात खेळ बंद. साटम, जी गोष्ट कागदावर येते तिच्यातली मजा जाते. लग्नाचंच बघा."

आतून श्रीपतरावांच्या पत्नी खोकल्या, त्यामुळे हा मुद्दा अधिक वाढला नाही. पण जयवंतरावांना एकदम उजेड पडला.

त्यांनी रविवारभर बसून नियमावली लिहिली. यापुढे कर्मचाऱ्यांनी कामाच्या वेळात ऑर्कुटवर परस्पर काही लिहू नये. जे लिहायचं, ज्याला तिथे स्क्रॅप म्हणतात, ते विहित नमुन्यात कागदावर लिहून पेटीत टाकावं. जयवंतराव ते वाचतील, भाषा सभ्य आणि मजकूर खरा असेल तर त्यावर 'मंजूर' लिहून सही करतील. मंजूर मजकूर सुमेध संध्याकाळी एकदाच ऑर्कुटवर चढवील, आणि येणारी उत्तरं छापून कूलरशेजारच्या फलकावर लावली जातील. शेठविषयीच्या मजकुरात शेठना शेठच म्हणावं. आणि आपण मंजूर केलेल्या मजकुरावर आपलं नियंत्रण असावं, म्हणून सगळं एकाच खात्यावरून जाईल, स्वतः जयवंतरावांच्या. हे शेवटचं कलम लिहिताना त्यांना स्वतःच्या दूरदृष्टीचं फार कौतुक वाटलं होतं. पुढच्या निम्म्या भानगडी त्याच कलमातून निघाल्या.

पेटी म्हणून जुनी सूचनापेटी काढली. तिच्यात आजवर एकच सूचना आली होती, पेटी तिथून हलवावी अशी. पहिल्या दिवशी तिच्यात दोन वाकड्या शिट्ट्या सापडल्या, कारण निनादमध्ये स्क्रॅप म्हणजे भंगार. आणि क्लाराचा एक फॉर्म. फॉर्म कुवेतमधल्या मावसबहिणीला होता आणि पूर्णपणे वसईतल्या त्यांच्या घरच्या बोलीत. जयवंतरावांना एक ओळ धड कळेना. आणि न वाचता मंजूर करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी क्लेमेंटला अर्थ लावायला बोलावलं, कारण तो क्लाराच्याच गावचा.

क्लेमेंटने वाचायला घेतलं. "विचारलंय, तू कशी आहेस, मुलं कशी आहेत. मग म्हणतेय, आमच्या ऑफिसात फार कडक माणूस बसवलाय." जयवंतराव समाधानाने खुर्चीत सावरून बसले. "मग म्हणतेय, रविवारी चर्चमध्ये आपला क्लेमेंट..."

इथे तो थांबला. त्याचे कान लाल झाले.

"पुढे?"

"पुढे हवामान आहे, सर."

"अर्धं पान हवामान?"

"यंदा पाऊस लांबलाय ना," क्लेमेंट म्हणाला. जयवंतरावांनी मंजूर लिहिलं. तेव्हापासून क्लेमेंट चर्चच्या गाण्यात तोंड नुसतं हलवतो, आवाज काढत नाही, असं क्लाराच म्हणते.

श्रीपतरावांचा सिद्धांत मात्र ऑफिसपुरता शंभर टक्के खरा ठरला. फॉर्म भरायचा, सही घ्यायची, संध्याकाळपर्यंत थांबायचं, आणि उत्तर भिंतीवर सगळ्यांसमोर. आठवड्यात सगळ्यांचा उत्साह आटला. 'शेठ तापला, शिट्टी झाली' हे मंडळ सुमेधनेच मोडून टाकलं. लोक मान खाली घालून काम करू लागले. शेठनी बोळातून जाताना जयवंतरावांच्या पाठीवर थाप मारली. जयवंतराव त्या दिवशी घरी जाताना विनयाताईंना गजरा घेऊन गेले. त्यांना वाटलं, जिंकलं. पण माणसाने कूलरच्या शेजारी फलक लावला की पाणी पिणाऱ्याची नजर तिथे जाणारच, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

जुळणी खात्यात धोंडूबाई होत्या. चांदीप गावाहून टेम्पोने येणाऱ्या बायकांची ही म्होरकी. शिट्टीच्या नळीवर वजन बसवण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे आणि बोलण्यात तर नाहीच. त्या पेला भरून फलकापुढे उभ्या राहिल्या.

"ह्यो कागद कोनाचा?"

"क्लाराच्या बहिणीचा. कुवेतहून आलाय," जयवंतराव म्हणाले.

"कदी धाडलावता?"

"काल संध्याकाळी पाठवला, रात्रीत उत्तर."

धोंडूबाई बराच वेळ पाणी प्यायल्या. मग कोपरावरून धार मस्टरवर सोडत म्हणाल्या, "माजा भाचा मस्कतला हाय. वरीस झालं फोन नाय. त्याला लिवा."

जयवंतराव म्हणाले, हे ऑफिसातल्या लोकांसाठी आहे. धोंडूबाईंनी फॉर्मवर बोट ठेवलं आणि सुमेधला वाचायला लावलं. फॉर्मवर 'कर्मचाऱ्याचे नाव' असं होतं. "आमी कोन?" त्यांनी विचारलं. नियम जयवंतरावांनीच लिहिलेला. सुमेधने मजकूर उतरवून घेतला आणि ऑर्कुटवर भाचा शोधून काढला. त्या रात्री मस्कतमध्ये एका तरुणाला टाय लावलेल्या जयवंतराव साटम यांच्याकडून निरोप मिळाला: "बाळा, जेवलास का? वरीस झालं आवाज नाही. तुझी मावशी."

भाच्याचं उत्तर सकाळी फलकावर लागलं. तो रडला होता, तसं त्याने लिहिलंही होतं. ते सुमेधने मोठ्याने वाचलं आणि जुळणी खात्यातल्या बायका पदराने डोळे टिपत कूलरपाशी उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत फॉर्म संपले.

मग काय विचारता. प्रत्येकीचं कोणी ना कोणी कुठे तरी होतं. कोणाचा मुलगा दमामला, कोणाचा दीर बोटीवर, कोणाचा पोरगा नालासोपाऱ्याच्या सायबर कॅफेत पडीक. ज्यांचं कोणीच लांब नव्हतं त्या पॅकिंगमधल्या बायका समोरच्या प्रेस खात्यातल्या बायकांना फॉर्म भरून निरोप धाडायला लागल्या. कारखान्यातल्या कारखान्यातले निरोप थेट फलकावर लागत, आणि भिंतीवर आपलं नाव लागलं की बरं वाटतं. पॅकिंगने प्रेसला हळदीचं बोलावणं का नाही केलं, यावर दोन्ही बाजूंनी सविस्तर फॉर्म आले. भाषा सभ्य होती, मजकूर खरा होता, जयवंतरावांना मंजूर करावे लागले. फलकाचे तीन फलक झाले. शिट्ट्यांचा आकडा घसरला. भिवंडीचा ट्रक फाटकाशी उभा राहून हॉर्न वाजवायला लागला, आणि ड्रायव्हरने कंटाळून एक फॉर्म भरला.

रीमाचं प्रकरण याच सुमाराचं. पॅकिंगमधल्या रीमाचा साखरपुडा झाला होता आणि नवरा मुलगा ऑर्कुटवर होता. तिने लाजत फॉर्म दिला. जयवंतरावांनी 'साखरपुडा झालेला असल्याने हरकत नाही' असा शेरा मारून सही केली. ऑर्कुटवर लिहिलेलं सगळ्या जगाला दिसतं, ही गोष्ट त्यांना ठाऊक होती. पण जगात डोंबिवली येते हे लक्षात राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी विनिताचा विनयाताईंना फोन आला.

"ताई, भावोजी बरे आहेत ना? नाही, आमच्या मुलाने दाखवलं. भावोजींनी कोणाला तरी लिहिलंय, 'तुमची फार आठवण येते, रविवारी किल्ल्यात भेटा'. किल्ला म्हणजे वसईचाच ना गं?"

विनयाताईंनी फोन ठेवला आणि जयवंतराव घरी आल्यावर ताट वाढलं ते आपटतच. अर्ध्या जेवणात खुलासा झाला. त्यांनी पिशवीतून रीमाचा मूळ फॉर्मच काढून दाखवला, शेऱ्यासकट. विनयाताईंनी तो दोनदा वाचला. "इतक्या वर्षांत मला नाही कधी किल्ल्यात भेटायला बोलावलंत," एवढंच म्हणाल्या आणि आमटी वाढली.

पण जयवंतरावांचं दुखणं वेगळंच होतं, आणि ते कोणाला सांगण्यासारखंही नव्हतं. त्यांच्या खात्यावर आता मित्रांची जत्रा भरली होती. मस्कत, दमाम, कुवेत, नालासोपारा. उन्नतीपेक्षा बाबांचे मित्र जास्त झाले, तशी तिनेही त्यांना गुपचूप परत घेतलं. रोज संध्याकाळी स्क्रॅप यायचे, धबधब्यासारखे. पण त्यातला प्रत्येक 'मावशी' म्हणून तरी सुरू व्हायचा, नाहीतर 'आई' म्हणून, नाहीतर 'काकू' म्हणून. खुद्द जयवंत साटम या माणसाला त्यात एकही ओळ नव्हती. पेटी त्यांची, खातं त्यांचं, सही त्यांची, आणि निरोप सगळ्या गावाचे. ते रोज पेटी उघडताना वरवर बेफिकीर असत. पण आतून, आज एखादा आपल्या नावाचा असेल, असं वाटायचंच. नसायचा. माणूस वयाने कितीही वाढला तरी कोणी आपल्याला काही लिहावं असं त्याला वाटतं, आणि जयवंतरावांना ते फार वाटत होतं.

एवढ्यात कळस झाला. पॅकिंगमध्ये घाईघाईत एक कोरा आणि एक भरलेला फॉर्म शिट्ट्यांच्या खोक्यात गेला, खोकं ट्रकात गेलं आणि ट्रक कुकरच्या कंपनीत. तिथल्या अधिकाऱ्याचा शेठना फोन आला. शेठचा आवाज आधी बोळात ऐकू आला, मग शेठ आले. जयवंतराव उभे राहिले. केबिन गेली, नोकरीही गेली, विनिता मात्र येणार, असं सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं.

"साटम," शेठ म्हणाले, "तो खरेदी अधिकारी विचारतोय, हा फॉर्म कोणी बनवला. म्हणतो, आमच्याकडे पन लोक दिवसभर ऑर्कुटवर असतात, आमाला पन नमुना पाठवा. शिट्ट्यांबद्दल आजपर्यंत त्याने एक चांगला शब्द काढला नव्हता." त्यांनी तीन फलकांकडे, पेटीकडे आणि रांगेतल्या बायकांकडे नजर टाकली. "ही जत्रा जेवणाच्या सुट्टीपुरती ठेवा, म्हणजे झालं. ऑफिसला तर वळण लागलं. सुताराला निरोप धाडतो."

सुतार आला, त्याने भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारल्या, दार कुठे, काच कुठे, सगळं सांगितलं आणि पितृपक्षात लाकूड कापत नाही म्हणून निघून गेला. नवरात्र बसलं की चार दिवसांत उभी करतो म्हणाला. कूलर पार्टिशनच्या बाहेर राहणार होता. जयवंतराव त्या रेघांच्या आत खुर्ची ओढून बसले. विनयाताईंनी विरारच्या बाजारातून पितळी पाटी करून आणली: 'जयवंत साटम, कार्मिक अधिकारी'. ती घरी रोज ब्रासोने पुसली जाऊ लागली. शिट्ट्यांच्या कारखान्यात काढलेल्या जन्मात पहिल्यांदाच त्यांनी स्वतःचं नाव पितळेत पाहिलं.

धोंडूबाई पेला भरून आल्या. वाकल्या. भिंतीवरच्या रेघा त्यांनी निरखून पाहिल्या.

"दार लावनार?"

"केबिनला दार असतंच, धोंडूबाई."

"आनि पानी?"

"पाणी बाहेर. तुमची गैरसोय नाही होणार."

धोंडूबाई भरलेला पेला सरळ धरून परत गेल्या. मस्टर त्या दिवशी कोरडं राहिलं, हे जयवंतरावांच्या नंतर लक्षात आलं.

घट बसण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी पेटी उघडली तेव्हा आत एकच फॉर्म होता. प्रति या रकान्यात 'शेठ' असं होतं, आणि खाली सुमेधच्या अक्षरात, पण धोंडूबाईंच्या आवाजात, मजकूर.

"साटम सायबांना केबिन देऊ नये. केबिनला दार असतं. सायब पान्याजवळ बसतात म्हनून आमची रजा, आजारपन, पोराचा शाळेचा दाखला, सगळं पानी पिता पिता होतं. दार लागलं तर ते कोन ठोकनार. आमचं दार ठोकायचं धाडस नाय. सायब चांगला मानूस हाय. आजवर कोनाला परत लावला नाय. तो हितंच असू द्या." खाली जुळणी, प्रेस आणि पॅकिंग अशा सगळ्या खात्यांच्या सह्या होत्या, आणि ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे.

जयवंतरावांनी तो पुन्हा पुन्हा वाचला. पहिल्यांदा त्यांना राग आला, अगदी अंगाची आग झाली. मग त्यांनी उगाच कूलरचा नळ सोडून पाणी प्यायलं. त्यांच्याविषयी आयुष्यात कोणी काही लिहिलं होतं ते हे, आणि तेही त्यांची केबिन काढून घेण्यासाठी.

आता खरा पेच होता. फॉर्म मंजूर करायचा की नाही, हे त्यांच्याच हातात होतं. नामंजूर केला तर कोणाला कळणार नाही, चार दिवसांत केबिन उभी, विनिता येईल तेव्हा दाराला पाटी. मंजूर केला तर तो फलकावर लागणार, शेठ वाचणार, आणि लोकांचं मन मोडायला शेठ काही मूर्ख नव्हते. त्यांनी फॉर्म डब्याच्या पिशवीत घालून घरी नेला.

"नामंजूर," श्रीपतरावांनी वाचून लगेच निकाल दिला. "कारण लिहा, जागेअभावी. सगळ्याला चालतं."

"पण भाषा सभ्य आहे."

"असू दे."

"मजकूर खरा आहे."

श्रीपतरावांनी सुपारी कातरायची थांबवली. "साटम, खरं म्हणून तुम्ही केबिन सोडणार?"

जयवंतराव वर आले. विनयाताई पाटी पुसत होत्या. जयवंतरावांनी त्यांना काही सांगितलं नाही. धीरच झाला नाही. पण अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली, आणि सांगायला हरकत नाही, ती गोष्ट काही फार थोर नव्हती. फॉर्म नामंजूर केला तर केबिन मिळेल, पण तो फलकावर लागणार नाही. म्हणजे अख्ख्या कारखान्याने आपल्याला चांगला माणूस म्हटलं, हे कोणाला दिसणार नाही. क्लाराला दिसणार नाही, क्लेमेंटला दिसणार नाही, त्या मंडळात न घेणाऱ्या सुमेधला लिहून घेतानाच दिसलेलं आहे, पण भिंतीवर दिसणार नाही. दारावरची पाटी आपणच लावायची. हे तर लोकांनी आपणहून लिहिलं होतं.

सकाळी त्यांनी फॉर्मवर 'मंजूर' लिहिलं, सही केली, आणि स्वतःच्या हाताने मधल्या फलकावर, शेठच्या डोळ्यांच्या उंचीवर लावला.

शेठनी वाचला. दुसऱ्यांदा वाचला. "साटम, सुताराला नाय सांगतो," ते हळूच म्हणाले आणि आत गेले. जाता जाता त्यांनी स्वतः पेला भरला आणि जयवंतरावांच्या टेबलावर ठेवला. आजवर असं झालं नव्हतं.

दसरा उजाडला. यंत्रांना झेंडूच्या माळा, ऑफिसच्या दाराला आंब्याचं तोरण, कूलरलाही कोणीतरी हार घातला होता. विनयाताई आल्या. रिक्षात जयवंतरावांनी त्यांना सगळं सांगितलं होतं, आणि त्या तेव्हापासून पर्स घट्ट धरून होत्या. पर्समध्ये पाटी होती. मागोमाग विनिता, जरीच्या साडीत.

"भावोजी, केबिन कुठली हो?"

जयवंतरावांनी घसा साफ केला. विनयाताईंनी पुढे होऊन पर्स उघडली, पितळी पाटी काढली आणि कूलरच्या वरती, झेंडूच्या हाराखाली टेकवून ठेवली. "ही काय," त्या म्हणाल्या. त्यांची नजर खाली गेली नाही.

विनिताने बोळ पाहिला, टेबल पाहिलं, भिंतीवर अर्धवट पुसलेल्या रेघा पाहिल्या. काही बोलणार तेवढ्यात धोंडूबाई पेला घेऊन वाकल्या आणि लेकीच्या बाळंतपणाच्या रजेचं काय झालं ते विचारू लागल्या. मागे प्रेसमधली बाई. तिच्या मागे क्लेमेंट. जयवंतराव प्रत्येकाला उत्तर देत होते, मध्येच कागदावर टिपत होते, मस्टरवर थेंब पडत होते. विनिता बाजूला उभी राहून हे बघत होती. रांग संपली तशी तिनेही एक पेला भरला, दोन घोट घेतले, आणि इकडेतिकडे बघून हळूच टेबलावर वाकली.

"भावोजी, जरा विचारायचं होतं. ह्यांचा बदलीचा अर्ज वर्षभर अडकलाय. ह्यांच्या ऑफिसात कोणाला विचारावं कळतच नाही. सगळे आपापल्या केबिनीत बसलेले असतात हो."

तिच्या कोपरावरून थेंब ओघळला आणि मस्टरवर पडला. जयवंतरावांनी मस्टर बाजूला सरकवलं, कोरा कागद पुढे ओढला आणि म्हणाले, "बोला."